शेवटच्या पानावरची सही

यामिनीने चिठ्ठी पुस्तकात खोचली आणि रांगेत पुढे सरकली. चिठ्ठीवर आपलं नाव लिहायचं, लेखक ते बघून सहीच्या वर उतरवतो, अशी टोक्योतल्या या दुकानाची पद्धत. यामिनीने नावाखाली इंग्रजीत आणखी एक ओळ टाकली होती : तुमची मराठी अनुवादक.

टेबलामागे सर एडमंड हॅलवर्ड बसले होते. इंग्लंडचे थोर कादंबरीकार. आयुष्यात तीन बायका सोडल्या, आणि त्यांच्या प्रत्येक कादंबरीच्या शेवटी बायको नवऱ्याला माफ करते. त्यातल्या दोन माफ्या यामिनीने मराठीत आणल्या होत्या, टोक्योजवळच्या उरायासुतल्या आपल्या फ्लॅटमध्ये, कुकरच्या शिट्ट्यांकडे एक कान ठेवून. तिसरी लॅपटॉपवर होती, शेवटचं पान तेवढं राहिलं होतं. या माणसाने एकदा मान वर करून ‘अच्छा, त्या तुम्ही!’ म्हणावं, एवढ्यासाठी तिने आज पार्टटाइमला सुट्टी टाकली होती.

"ओळखतील का गं तुला?" तिच्या नवऱ्याने, पुष्करने, सकाळी विचारलं होतं.

"न ओळखायला काय झालं? मेल केलेत मी त्यांना. शिवाय पुस्तकात फोटो आहे माझा, शेवटच्या पानावर."

"मग काय बाबा, यामिनी-सान. आजपासून भांडी मीच घासतो."

दुकानातल्या मुलीने चिठ्ठी वाचली, कमरेत वाकून माफी मागितली आणि कोरी चिठ्ठी पुढे केली. फक्त नाव लिहायचं, असा नियम होता. यामिनीने फक्त नाव लिहिलं.

सर एडमंडनी सकाळपासून ढीगभर जपानी पुस्तकांवर सह्या केल्या होत्या. जपानी पुस्तक आपल्या उलट बाजूने उघडतं, हे आता त्यांच्या हाताला पाठ झालं होतं. त्यांनी यामिनीचं मराठी पुस्तकही मागून उघडलं, आणि तिच्या फोटोवर कपाळापासून हनुवटीपर्यंत झोकदार सही ठोकली.

"सर, ही मी," यामिनी फोटोवर बोट ठेवून म्हणाली.

त्यांनी फोटो पाहिला, तिला पाहिलं.

"जपानात वाचकांचे फोटो छापतात? छान पद्धत आहे. आरिगातो."

"नाही सर, मी..."

मुलगी पुन्हा वाकली. मागच्या बाईंचं पुस्तक टेबलावर आलंसुद्धा.

परतीच्या ट्रेनमध्ये पुष्करचा मेसेज आला. "ओळखलं?"

"सही दिली," तिने उत्तर टाकलं आणि मांडीवर लॅपटॉप उघडला. शेवटचं पान. नवरा दारात उभा. इंग्रजीत बायको त्याला आत घेते आणि चहाचं आधण ठेवते.

मराठीत यामिनीने आतून कडी लावली, आणि उरायासु यायच्या आत फाइल पुण्याला प्रकाशकाकडे पाठवून दिली.