जाळीतला बोळा

रामेश्वरने छतालगतची एसीची जाळी काढली, कोपरापर्यंत हात आत घातला आणि जांभळ्या सुती साडीचा भलामोठा बोळा बाहेर ओढला. बोळा ओला होता. त्याच्यावर काळी बुरशी चढली होती.

"घ्या, हा तुमचा प्रॉब्लेम," एसी दुरुस्तीला आलेला रामेश्वर स्टुलावरूनच म्हणाला. "मावशी, हे कोणी कोंबलं?"

प्रभावती पलंगाच्या कडेला बसल्या होत्या.

"मीच. थंडी वाजते."

"आई, हवेचा डक्ट आहे तो, फडताळ नाही!" त्यांची सून लतिका दारातून म्हणाली. "महिनाभर मी वास शोधतेय. आणि अनिल, तू त्यावरून बिचाऱ्या वॉचमनशी भांडून आलास!"

प्रभावतींचा मुलगा अनिल हसला. रामेश्वरही हसला. मग प्रभावतीही थोड्या हसल्या.

"हवा अडली की पत्र्याला घाम फुटतो," जाळी पुसत रामेश्वर म्हणाला. "ओल धरली की बुरशी आलीच. थंडी वाटली तर या पट्ट्या तिरक्या करा, पण बंद नका करू. तुमची खोली आणि यांची बेडरूम, दोन्हींना एकच डक्ट आहे."

त्याने आतून सगळं साफ केलं, जाळी परत बसवली. "खलास, मावशी. आता मस्त हवा येईल."

प्रभावतींना आखातातल्या डिस्कव्हरी गार्डन्स वसाहतीतल्या या घरात येऊन वर्ष होत आलं होतं. चिपळूणचं घर विकूनच त्या आल्या होत्या. आता इथेच राहायचं, असं अनिल तेव्हा म्हणाला होता. व्हिसा पुढच्या महिन्यात संपत होता. रिन्यू कधी करायचा, असं त्यांनी विचारलं की तो "बघू" म्हणायचा. हल्ली त्यांनी विचारणं सोडलं होतं.

संध्याकाळी अनिल आईच्या खोलीत आला. त्याने जाळीखाली हात धरला.

"बघ, किती छान हवा येतेय."

तेवढ्यात जाळीतून लतिकाचा आवाज आला. पलीकडे ती बहिणीशी फोनवर बोलत होती. शब्दन् शब्द स्पष्ट होता.

"नाही गं, आईंना अजून काही माहीत नाही. पुण्याच्या वृद्धाश्रमात रूम बुक झालीय. अनिलच म्हणतो, तिकीट आल्यावर सांगू. आधी सांगितलं तर रोज रडारड."

अनिलचा हात तसाच वर राहिला. त्याने आईकडे पाहिलं. त्या पायांवर चादर सारखी करत होत्या. काही नवं ऐकल्यासारखा त्यांचा चेहरा नव्हता.

तो खोलीबाहेर गेला. प्रभावती दाराकडे बघत राहिल्या.

तो परत आला तेव्हा त्याच्या हातात बाल्कनीतल्या त्याच जांभळ्या साडीचा बोळा होता. ती त्यांनीच दुपारी धुऊन वाळत घातली होती. त्याने स्टूल जाळीखाली ओढलं.

"बुरशी धरेल रे परत," त्या म्हणाल्या.

"थंडी वाजते ना तुला," वर चढत तो म्हणाला. त्याने खाली पाहिलं नाही.

जाळी काढताना स्टूल डगमगलं. प्रभावतींनी उठून ते दोन्ही हातांनी धरलं.