व्लास्ताची पाटी

व्लास्ताच्या बेकरीवरची पाटी तिच्या वडिलांनी रंगवलेली. पाटीवर चेक भाषेत लिहिलं होतं, 'चेर्स्त्वी', म्हणजे ताजा. पण ओल्झा नदीने गाव दोन देशांत वाटून टाकलेलं. पूल ओलांडून येणारे पोलिश लोक हाच शब्द शिळ्या पावाला लावतात. ते यायचे, पाटीसमोर फोटो काढायचे, खिदळायचे आणि पाव न घेताच परत जायचे.

जावई रादिम टेकीला आला होता. "आई, रविवारी मी ही पाटी उतरवतोय. नुसतं पावाचं चित्र लावू. नाहीतर दुकानाला कुलूप लागेल."

"चित्र लाव तुझ्या गाडीला," व्लास्ता म्हणाली. "माझ्या बापाने जन्मात शिळं विकलं नाही. त्यांना हसू येतं म्हणून मी त्याला खोटं पाडू?"

शनिवारी सकाळी तिने स्वतःच पाटी उतरवली. म्हातारी वठणीवर आली, असं रादिमला वाटलं. पण बाईने पाटी काखोटीला मारली, गरम पावांची टोपली हातगाडीत घातली आणि तरातरा पूल ओलांडून थेट पोलिश बाजारात ठाण मांडलं.

गर्दी जमायला कितीसा वेळ! लेशेक नावाचा धिप्पाड खाटीक आपलं दुकान सोडून पुढे आला. "बघा हो, आजीबाई शिळा पाव विकायला आल्यात! निदान खरं तरी बोलतात." सगळ्यांना दाखवायला त्याने एक पाव उंच धरला. तो निसटला आणि फरसबंदीवर पडला.

हसणं थांबलं. लेशेक खाली वाकला, त्याने पाव उचलला आणि त्याचं चुंबन घेतलं. पाव जमिनीवर पडला की त्यांच्यात असंच करतात. लहानपणी आईने लावलेली सवय. पाव ओठांना गरम लागला तसा तो चपापला.

"का रे, शिळ्याला एवढा मान?" व्लास्ताने कमरेवर हात ठेवून विचारलं.

लेशेक ओशाळला. "शिळा कुठला, आजी. आत्ताच भट्टीतून काढलेला दिसतोय."

"मग पाटी वाच. मोठ्याने."

"चेर्स्त्वी," त्याने वाचलं.

"म्हणजे काय?"

"ताजा," लेशेक म्हणाला. या वेळी कुणी हसलं नाही. दुपारच्या आत टोपली रिकामी झाली.

संध्याकाळी रादिमने मुकाट्याने शिडी धरली. पूर्वी पाटीला चार खिळे होते. व्लास्ताने आठ ठोकले.