पोखरलेली गिटार

“भाभी, ही गिटार हाय का खिडकीची चौकट?”

फकरोद्दीन मिस्त्रींनी गिटार दोन्ही हातांवर तोलली आणि कामाच्या टेबलावर आडवी ठेवली. “यवढ्या सागवानात लेकराचा पाळणा झाला असता.”

“तेच सांगून राह्यले मी यांना,” बेबीनंदा म्हणाली. “स्टेजवर कसे उभे राह्यतात, बघितलं न्हाई तुम्ही. एका बाजूला भरलेल्या उसाच्या ट्रॉलीवानी कलतात. खांदा गेलाय पार.”

ज्याच्याबद्दल बोलणं चाललं होतं तो राजानंद दाराजवळच्या स्टुलावर बसून होता. बाहेर घनसावंगीचा बाजार भरला होता आणि जीपवाले अंबडच्या नावानं ओरडत होते. मिस्त्रींनी त्याला काहीतरी विचारलं. तो नुसता हसला. उत्तर बेबीनंदानंच दिलं. अलीकडं असंच व्हायचं. विचारायचं राजानंदला आणि सांगायचं तिनं. माणूस आपल्याच तंद्रीत असतो, असं ती म्हणायची.

गिटार मात्र तिनं टेबलावरून सरकवली, तेव्हा तो उठून जवळ आला.

“वजन हाय म्हनून सूर टिकतो,” तो म्हणाला. “हलक्या गिटारीचा सूर आला न्हाई तोच मरतो. भरीव लाकूड तारेला धरून ठिवतं.”

“मामा, आवाज तारेचा असतो,” मिथुन म्हणाला. हा राजानंदचा भाचा, त्यांच्या गायन पार्टीत कीबोर्ड वाजवायचा. “तारेखालचा चुंबक तो उचलतो आन् वायरीतून स्पीकरला देतो. लाकूड कमी झालं तर उन्नीस-बीस होईल. पब्लिकला काय कळतंय?”

“मला कळतं ना.”

“तुमाला कळतंय व्हय?” मिथुन पटकन बोलून गेला. मामीनं डोळे वटारले तसा तो दाराकडं बघू लागला.

त्याचंही चुकत नव्हतं. बेबीनंदाची गायन पार्टी म्हणजे ती गाणार आणि राजानंदची गिटार तिच्या ओळी जोडत जाणार, असं लग्नाच्या आधीपासून चालत आलेलं. औरंगाबादचा एक ऑर्केस्ट्रा मोडला तेव्हा त्यानं तिथून ही गिटार आणली. तिच्या भीमगीतांना ढोलक-पेटीच्या जोडीला गिटार, याचं तेव्हा गावोगाव कौतुक झालं होतं. पण वर्षभरापासून त्याची बोटं उशिरा पडू लागली. ती ओळ सोडायची, तो उचलायचा नाही, मधली जागा मोकळी राहायची. शेवटी मिथुननं स्पष्टच सांगितलं होतं, “मामी, कीबोर्डात गिटारचा आवाज हाय. मामाला आता घरी बसू द्या.” बेबीनंदानं एक संधी मागून घेतली होती, अंकुशनगरच्या लग्नाची. खांद्यावरचं ओझं उतरलं की हात पहिल्यासारखा चालेल, याची तिला खात्री होती.

“भांडू नका,” मिस्त्री म्हणाले. “मी मागून पोखरतो, वरून पातळ प्लाय ठोकतो. समोरून कुणाला कळनार न्हाई. पन राजाभाऊ, पोखरलेलं लाकूड मागं भरता येत न्हाई. बोला, पटाशी लावू का?”

राजानंदनं बायकोकडं बघितलं. मग मान हलवली.

चार दिवसांनी गिटार परत मिळाली. राजानंदनं ती उचलली आणि जड समजून लावलेल्या जोरामुळं ती एकदम छातीपर्यंत वर आली. मिस्त्री हसले. मिथुननं दुकानातच छोटा स्पीकर लावला. राजानंदनं एक तार छेडली आणि सूर पुरता विरेपर्यंत हात तसाच ठेवला.

“सुराची शेपटी जराशी लवकर तुटती,” मिथुन म्हणाला. “बाकी बिलकुल तसंच. काई फरक न्हाई.”

“लई फरक हाय,” राजानंद म्हणाला.

आपल्या हट्टापायी त्याचा सूर गेला, असंच बेबीनंदानं धरलं.

दुपारी ती चहा घेऊन ओसरीवर आली तेव्हा तो पाठमोरा बसून गिटार वाजवत होता. स्पीकर लावलेला नव्हता. तारांचा किणकिणाट तेवढा ऐकू येत होता. हनुवटी त्यानं गिटारच्या वरच्या कडेवर टेकवली होती.

“चहा घ्या,” ती म्हणाली.

तो वाजवतच राहिला.

“अवो, चहा!”

घरात कुकरची शिट्टी झाली. शेजारच्या कांताबाईंनी भिंतीपलीकडून हाक मारली. तो हलला नाही. बेबीनंदानं कप खाली ठेवला आणि पुढं होऊन गिटारच्या पाठीवर, नव्या प्लायवर, हात ठेवला. प्लाय थरथरत होता. प्रत्येक सुराला वेगळा थरथरत होता.

राजानंद दचकला. तिच्या चेहऱ्याकडं बघून त्याचे हात थांबले.

“कवापासून?” तिनं विचारलं.

त्याची नजर तिच्या ओठांवर होती. “मागच्या भीमजयंतीच्या आधीपासून. डावा कान गेलाच, उजव्यात थोडं येतं. म्हनून स्पीकरकडं कलून उभा राह्यचो. तू म्हनली खांदा दुखतो. मी हो म्हनलो.”

“मला सांगायचं न्हाई?”

“सांगून काय? मिथुनला कळलं आस्तं. मंग घरीच की.” त्यानं गिटार पुन्हा छातीशी ओढली. “भरीव होती तवर हिच्यातलं काईच अंगापर्यंत येत नव्हतं. आता बरगडीत वाजतं बघ. कुठला सूर लागला ते कळतं. फकत तू कवा थांबती, ते कळत न्हाई.”

बेबीनंदा त्याच्याशेजारी बसली. मग तिनं चहाचा कप त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, “प्या. गार झाला.”

अंकुशनगरच्या मांडवात दुपारी ऊन पत्र्यावर तापत होतं. मंगल परिणय लागला, जेवणाच्या पंगती बसल्या आणि पार्टीला सुरुवात करायला सांगितलं. राजानंदनं पट्टा आखूड करून गिटार बरगड्यांशी घट्ट धरली होती. तो सरळ उभा होता. मिथुनचं एक बोट मात्र कीबोर्डावरच्या गिटारच्या बटणाजवळ तयार होतं.

बेबीनंदानं माईक हातात घेतला आणि लोकांकडं पाठ नाही, पण तोंडही नाही, अशी आडवी वळली. पुरती राजानंदकडं.

“ओ ताई, आमी इकडं हाओत!” पंगतीतून कुणीतरी ओरडलं. “का नवऱ्यालाच गानं ऐकवता?”

लोक हसले. ती गाऊ लागली. प्रत्येक शब्द ओठांवर नीट उघडून, एरवीपेक्षा किंचित सावकाश. पहिली ओळ संपताना तिनं ओठ मिटले आणि हनुवटी खाली घेतली.

राजानंदची बोटं तारेवर पडली. बरोबर जागेवर.

मिथुननं आधी मामाकडं, मग मामीकडं बघितलं. त्यानं बटणाजवळचं बोट काढून घेतलं.

दुसऱ्या कडव्याला फोटोवाला स्टेजच्या पुढं आला. “मॅडम, जरा समोर बघा,” तो हातवारे करत म्हणाला. “नुसता कान येऊन राह्यलाय फोटोत.”

बेबीनंदानं त्याला हातानंच बाजूला व्हायला सांगितलं. तो राजानंदच्या आणि तिच्या मधे आला होता.