कोथिंबिरीचा वाफा

हिवाळ्यातल्या तापात बागेच्या बाईंना वास येईनासा झाला, आणि वासामागोमाग जिभेची चवही गेली. शाळेमागचे भाजीचे वाफे त्यांनीच उभे केले, म्हणून सगळे त्यांना बागेच्या बाई म्हणत. येईल परत, धीर धरा, असं डॉक्टर म्हणाले. बाईंनी ते नवऱ्यापलीकडे कुणाला सांगितलं नाही. बाग दुसऱ्या कुणाकडे जाईल ही धास्ती. झाकली मूठ सव्वा लाखाची.

तशात चव घेण्याचा दिवस उजाडला. मुलांनी आपापल्या वाफ्यातले मुळे, गाजरं, पुदिना उपटून धुतला. डोळ्यांवर पट्टी बांधायची, खायचं आणि नाव ओळखायचं. वर्ग नुसता डोक्यावर घेतला होता पोरांनी.

अंगानं काडीसारखी म्हणून जिला सगळे बारकी म्हणत, तिची पाळी आली. तिच्याच वाफ्यातली कोथिंबिरीची जुडी होती. पान तोंडाशी नेताच तिनं मान मागे घेतली.

"बाई, याला उंदरांचा वास येतोय."

बाईंनी जुडी हुंगली. काही कळलं नाही. पानं मात्र कोथिंबिरीसारखीच कातरलेली होती, आणि अख्खा वर्ग बघत होता.

"नखरे नकोत. आपण पिकवलंय ते आपणच संपवायचं."

बारकीनं मुकाट्यानं मूठभर पानं चावून गिळली.

दुपारी तिचे पाय लुळे पडले. हॉस्पिटलात नेईपर्यंत श्वास अडकू लागला. कोथिंबिरीत तशाच पानांचं विषारी रानरोप उगवलं होतं. उरलेल्या काड्या बघून डॉक्टर म्हणाले, हा उग्र वास कसा कुणाला जाणवला नाही?

बारकीची आई लाँड्रीत इस्त्री करायची. ती कामाच्या कपड्यांतच बाहेर बाकावर बसली होती. मुलीनं घाईघाईत खाल्लं एवढंच सांगा, असं मुख्याध्यापिकेनं बाईंना बजावलं होतं. बाई आईशेजारी टेकल्या.

"ताई, ती सांगत होती वास येतोय म्हणून. मीच खायला लावलं. मला वास येत नाही, आणि मी ते लपवलं."



"घरी कुणाचं ऐकत नाही ती," आई म्हणाली. "तुमचं तेवढं ऐकते."

दुसऱ्या दिवशी बारकी गेली. शाळेनं वाफे खणून त्यांवर खडी पसरली. बाईंनी नोकरी सोडली. एकदा त्या बारकीच्या घरी निघाल्या, पण गल्लीच्या तोंडाशीच थांबल्या. दारात उभ्या आईनं त्यांना पाहिलं, आणि दार लोटून घेतलं.