संपदाचे हात

करोल बागेत गाड्यांची सीट कव्हरं विकणाऱ्या एका दुकानाच्या वर दिनकर शिंगटे यांचा जूडोचा क्लास भरतो. शिंगटे सैन्यात पीटी शिकवून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि गावी न परतता दिल्लीतच राहिले. जिन्यात त्यांनी मोठी पाटी लावली आहे, 'आपली मुलगी निर्भय करा'. ती वाचूनच आईबाप मुलींना घेऊन जिना चढतात. शिस्त कडक, पण एखाद्या मुलीची फी थकली म्हणून त्यांनी तिला कधी घरी पाठवलेलं नाही. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवायला हवं. पुढे जे झालं ते एखाद्या वाईट माणसाने केलं असतं, तर आपल्या सगळ्यांची मोठीच सोय झाली असती.

त्या मंगळवारी संध्याकाळी मुलींची बॅच नेहमीप्रमाणे त्यांची मुलगी संपदा घेत होती. संपदा ब्लॅक बेल्ट. लग्नाला दीड वर्ष होत आलेलं, सासर नोएडाला. नवरा नीरज मोठ्या कंपनीत मॅनेजर, बोलायला गोड. नव्या मुलींना ती पडायचं कसं ते शिकवत होती. हनुवटी छातीला लावायची, तळवा आधी टेकायचा, डोकं आपटू द्यायचं नाही. करून दाखवताना तिच्या जाड पांढऱ्या कोटाची कॉलर मागे सरकली आणि मानेखाली दोन समांतर लाल रेघा दिसल्या.

"दीदी, ये किस थ्रो से लगा?" लहानग्या कृतिकाने विचारलं.

"प्रॅक्टिस में लग गया, बेटा. चलो, अगली."

जूडोच्या हॉलमध्ये वळ कोण बघतो? तिथे सगळ्यांचेच हातपाय काळेनिळे. संपदाला लपायला याहून चांगली जागा मिळाली नसती. पण कोपऱ्यात उभ्या असलेल्या दिनकररावांनी त्या रेघा पाहिल्या. कुठल्याही थ्रोने तसा वळ उठत नाही. चार्जरची वायर दुमडून मारली की उठतो. त्यांना ते कळलं, आणि त्यांनी शिट्टी वाजवून पुढचा सराव सुरू करायला सांगितला.

कळूनही गप्प का बसले, त्यासाठी साखरपुड्याकडे जावं लागेल.

स्थळ तात्यासाहेबांनी आणलं होतं. दिल्लीतल्या मराठी मंडळींची निम्मी लग्नं त्यांनीच जुळवलेली. मराठी मंडळाच्या हॉलमध्ये पाहुणे जमले असताना नीरजची आई हसत म्हणाली, "मुलगी छान आहे हो, पण उद्या आमच्या नीरजलाच उचलून आपटलं तर?" सगळे हसले. तात्यासाहेबांनी दिनकररावांकडे पाहिलं. दिनकररावांनी तिथल्या तिथे संपदाला पुढे बोलावलं, तिचा उजवा हात ओटीच्या नारळावर ठेवायला लावला आणि सैन्यातल्या आवाजात सांगितलं, "म्हण, सासरी कुणावरही, कधीही हात उचलणार नाही."

संपदा चेष्टा समजून हसली. मग वडिलांचा चेहरा बघून तिने ते वाक्य म्हटलं.

"आमची वाघीण मॅटवर. घरात अगदी गाय," दिनकरराव म्हणाले. टाळ्या पडल्या. पहिली टाळी नीरजने वाजवली होती.

हुंड्याची एक पैही त्या लग्नात घेतली नाही, असं मंडळात कौतुकाने सांगितलं जातं. पण हुंडा घेतला गेला होता. मुलीचे दोन्ही हात सगळ्यांसमोर काढून दिले होते.

क्लास सुटल्यावर संपदा माहेरी आली. तिची आई प्रभाताई पोळ्या लाटत होत्या. लेक शेजारी उभी राहून पोळ्या भाजू लागली आणि तव्यावरची नजर न काढता म्हणाली, "आई, मला आता इथेच राहायचंय."

प्रभाताईंचं लाटणं थांबलं. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं.

"मी बोलतो नीरजशी," दिनकरराव म्हणाले. "टेन्शन असतं त्याला. थोडं सांभाळून घे."

"तुम्ही दिवाळीतही बोलला होतात, बाबा. घरी गेल्यावर त्याबद्दल वेगळे फटके पडले."

"अगं, तू परत आलीस तर लोक काय म्हणतील? ज्याची स्वतःची मुलगी नांदली नाही, त्याच्याकडे आपली मुलगी कोण पाठवेल?"

"अच्छा," संपदा म्हणाली. तिने तव्यावरची पोळी उलटली. मग तिने हलकेच विचारलं, "मग ते वचन तरी सोडवा. मी मारणार नाही त्याला. फक्त अडवेन."

"अडवायला गेलीस की हात उठणारच. तुझा हात मला माहीत आहे, संपदा. माणूस मरायचा एखादा."

प्रभाताईंनी शेवटची पोळी लाटली. डब्यात पोळ्या भरून दिल्या, वर लिंबाच्या लोणच्याची बाटली ठेवली. संपदा मेट्रोने नोएडाला परत गेली. मुलीला आगीत ढकलताना आपण सोबत डबा द्यायला विसरत नाही.

रविवारी सकाळी नीरजचं काहीतरी बिनसलं. पोह्यात मीठ जास्त होतं की तिने पुन्हा क्लासला जायचं म्हटलं, त्याने काय फरक पडतो? तो अंगावर धावून आला. संपदाचे हात सवयीने वर यायला लागले. त्याच्या कॉलरपर्यंत पोहोचले असते, तर तो क्षणात जमिनीवर असता.

"वचन?" नीरज म्हणाला.

संपदाने हात मागे नेले आणि एकमेकांत घट्ट धरून ठेवले. त्याने दंडाला धरून ओट्याकडे ढकललं तेव्हाही ते तसेच होते. कितीतरी मुलींना पडायला शिकवणारी संपदा तळवा न टेकता तोंडावर पडली. ग्रॅनाइटच्या ओट्याचा कोपरा डाव्या डोळ्यात गेला. तो डोळा डॉक्टरांना वाचवता आला नाही.

दिनकरराव पोलीस ठाण्यात पोहोचले तोवर नीरज मनगटाला बँडेज बांधून तक्रार देऊन गेला होता. बायकोने हल्ला केला, आपण फक्त बचाव केला. अधिकाऱ्याने दिनकररावांना नीट न्याहाळलं. "आपकी बेटी ब्लैक बेल्ट है ना? तो पहला हाथ किसका होगा, आप ही बताइए."

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये तात्यासाहेब बसले होते. "दिनकरराव, दोन्हीकडून मिटवून टाकू. घरातली गोष्ट आहे. चारचौघांत कशाला?"

आजवर तात्यासाहेबांसमोर मान वर न केलेल्या प्रभाताई उभ्या राहिल्या. "चारचौघांतच झालं होतं ते. तुम्हीही टाळ्या वाजवल्यात."

आत दिनकरराव लेकीच्या उशाशी वाकले. "बाळा, त्या वचनातून मी तुला मोकळं केलं."

संपदाने उरलेल्या डोळ्याने त्यांच्याकडे पाहिलं.

"हात तुमचे नव्हतेच, बाबा. ते माझे होते." तिला धाप लागली. "आता एवढंच करा. मला जे सगळ्यांसमोर म्हणायला लावलंत, ते ठाण्यात जाऊन सांगा."

ते गेले. अधिकाऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि पेन खाली ठेवलं. "सोच लीजिए, सर. ये बात बाहर गई तो क्लास में कौन आएगा?"

"लिखिए," दिनकरराव म्हणाले.

"अपनी ही बेटी के हाथ बाँध दिए आपने?"

"हाँ. मैंने ही. लिखिए."

जबाब झाला. प्रभाताईंनीही दिला. पण नीरजचा वकील म्हणतो, असं वचन घेतलंच गेलं नव्हतं, मुलीच्या आईबापांनी ते आता रचलं आहे. म्हणून पोलिसांना साखरपुड्याला हजर असलेल्यांपैकी बाहेरचा कुणीतरी एक हवा आहे. त्या दिवशी हॉल भरलेला होता. बसायला खुर्च्या पुरल्या नव्हत्या. प्रभाताई रोज एकेकाच्या दारात जातात. लोक त्यांना आत बोलावतात, चहा देतात, हळहळतात, आणि आपल्याला नीटसं आठवत नाही म्हणतात.

अजून एकही जण ठाण्यात गेलेला नाही.