नोडच्या कपाळी कुंकू

मित्रांनो, मी एक जुना नोड आहे. हसू नका! नाव परदेशी असलं, तरी माझा सगळा जन्म गेला बडोद्यात, गोरव्याच्या एका रंगाच्या कारखान्यात.

चौऱ्याण्णव साली परदेशी यंत्रं धडाधड येऊ लागली, तेव्हा मीही खोक्यातून आलो. देह पुस्तकाएवढा, पण काम केवढं! टाक्या किती तापल्या ते कंट्रोल रूमला कळवायचं आणि तिथला हुकूम व्हॉल्व्हपर्यंत न्यायचा. मी कधी खोटं सांगितलं नाही.

कंट्रोल रूममध्ये पडद्यापुढे दत्ताजीराव बसायचे. त्यांचे पणजोबा संस्थानच्या फौजेतले, त्यामुळे घरी दसऱ्याला तलवारीची पूजा. ड्यूटीवर आले की मी ज्या लोखंडी कपाटात बसवलेला होतो, त्यावर थाप मारून म्हणायचे, "केम छो, सरदार?" मला फार बरं वाटायचं.

दसऱ्याला कारखान्यातही पूजा व्हायची. कपाटाच्या दाराला कुंकू लावायचं, पेंडा खायचा, संपलं. एका वर्षी दत्ताजीराव म्हणाले, "म्यानाची पूजा करतात का कुठे? तलवार बाहेर काढावी लागते!" त्यांनी दार उघडलं आणि माझ्या पत्र्यावर ओल्या कुंकवाचं बोट टेकवलं. ते तिथल्या तिथे वाळलं.

माझं खरं दुखणं वेगळंच होतं. मला गार ठेवणाऱ्या पंख्याची जाळी धुळीनं गच्च भरली होती. ती साफ कुणी करायची, इलेक्ट्रिकलवाल्यांनी की इन्स्ट्रुमेंटवाल्यांनी, यावर दोन्ही खाती वर्षानुवर्षं भांडली आणि जाळीला हात कुणी लावला नाही. आत मी भाजून निघालो. त्याच वर्षी दिवाळीच्या तोंडावर माझी वाचाच बसली. कारखाना थांबला, टाकीतला माल नासला.

अवंती मॅडम इंजिनियर. त्यांनी कपाट उघडलं, लाल डाग दिसला, झालं!

"काका, हे कुणी केलं?"

"मी, अवंतीबेन," दत्ताजीराव म्हणाले. "कुंकू ओलं होतं. आत गेलं असेल."

पुढे कुणी काही बघितलंच नाही. त्यांना पडद्यापुढून उठवून स्टोअरमध्ये धाडलं. अहो, जाळी बघा, जाळी! मी आतल्या आत ओरडत होतो. पण तारा काढलेल्या नोडचं ऐकतं कोण?

मीही स्टोअरच्याच भंगारात पडलो. निवृत्तीच्या दिवशी दत्ताजीराव माझ्यापाशी आले. रुमालानं कुंकू पुसत म्हणाले, "माझ्याच हातानं तुझा घात झाला रे!" आणि ढसाढसा रडले. एवढा मोठा माणूस, पण लहान मुलासारखा रडत होता. माझं काळीज तुटलं.

मित्रांनो, यंत्राला हार जरूर घाला, पण आधी त्याची धूळ पुसा. माझं काय, आज ना उद्या भंगारवाला नेईल. दत्ताजीराव मात्र सुभानपुऱ्यात राहतात आणि अजून स्वतःलाच दोष देतात, असं इथली माणसं बोलतात. त्यांच्याकडे जा. म्हणावं, काका, तुमचं काही चुकलं नाही, जाळी तुंबली होती. एवढा एक निरोप पोचवा. माझ्याच्यानं तो पोचवणं झालं नाही.