कंट्रोल क्यू

हे मी लिहिणारच नव्हतो. दोनदा फाईल उघडली, दोनदा बंद केली. भीती अशी की एकदा लिहिलं, छापलं, की ते खरं होतं. हसू नका. पंधरा दिवसांपूर्वी मीसुद्धा हसलो असतो.

आज चोवीस जून. रविवारी दीपमालाचं लग्न आहे. अजून तिच्या वडिलांचं पत्र नाही.

माझं मलकापुरात हायवेच्या कडेला डीटीपीचं दुकान. दुकान म्हणजे एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक यूपीएस आणि मी, मुकुल. मी कुठं शिकलो नाही. कॉम्प्युटरची जुनी इंग्रजी मासिकं रद्दीतून आणायची, डिक्शनरी घेऊन वाचायची, त्यातल्या टिपा वहीत उतरवायच्या. वहीची पहिलीच टीप, लाल पेनानं: 'फाईल दुसऱ्या कॉम्प्युटरवर जाणार असेल तर आधी कंट्रोल क्यू.' म्हणजे काय, तर कोरल नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये ती दोन बटणं दाबली की अक्षर हे अक्षर राहत नाही, त्याचं चित्र होतं. मग ते कुठंही न्या, बदलत नाही. पण नंतर तुम्हालाही बदलता येत नाही.

ही टीप मी अख्ख्या मलकापूरला शिकवली. कराडच्या दोन दुकानांनासुद्धा.

जयराज माझा दोस्त. त्याचं गाव इथून दहा किलोमीटरवर. दीपमाला त्याची बहीण. त्यांचे वडील भाऊसोकाका फौजेत सुभेदार. जानेवारीत सुट्टीवर आले होते तेव्हा लग्न ठरलं, आणि जाताना दुकानात डोकावले.

"मुकुल, माझं नाव दाव की मोठं करून."

मी दाखवलं. माझ्याकडं पुण्याहून एका फ्लॉपीवर आलेला नक्षीचा फॉन्ट होता. त्यात सुटी अक्षरं नाहीत, पत्रिकेला लागणारे तयार शब्द. एक बटण दाबलं की 'श्री.', दुसरं दाबलं की 'सौ.', तिसरं 'चि.'. सगळे वेलबुट्टीचे. नावापुढं तो 'श्री.' लावला तसे काका स्क्रीनसमोर ताठ उभे राहिले आणि त्याला सॅल्यूट ठोकला.

"ह्यो लय ऐटीत दिसतोय. पत्रिकेत ह्योच घाल बरं का."

मेमध्ये कारगिलचं सुरू झालं. काकांची पलटण तिकडंच. सुट्ट्या रद्द. अधिक महिना संपला की लगेचचा मुहूर्त धरला होता, तो पुढं ढकलायला काकूंनी नकार दिला. "त्येंनी ठरीवलंय. त्येच दिवशी व्हायचं."

पत्रिका केली नऊ जूनला. जयराज शेजारी स्टुलावर. निमंत्रकांची यादी काही संपेना.

"थांब, एक चुलता राहिला."

"अजून? अरे गाव आहे का पलटण?"

"मुक्या, एक जरी राहिला नं, मांडवात माझी कातडी सोलतील. लिव, नानासो."

म्हणून मी कंट्रोल क्यू दाबत नव्हतो. दाबलं की नवा चुलता कुठं घालू? चुलते साध्या फॉन्टात, काकांचा 'श्री.' तेवढा नक्षीच्या. मधेच त्यानं विचारलं, "व्हय रं, दोन हजार साली समदे काम्पुटर येडे होणार म्हनं?"

मी मासिकात वाचलेलं सांगितलं. कॉम्प्युटर सालाचे शेवटचे दोनच आकडे लक्षात ठेवतो. नव्व्याण्णवनंतर शून्य शून्य आलं की त्याला वाटणार एकोणीसशे साल आलं. त्याला कळत काही नाही. त्याला नुसते आकडे.

"म्हंजे आमचं आण्णा जन्मायच्या आधी जाणार की रं," म्हणून तो हसला. आण्णा म्हणजे काकाच. मग लगेच यादीकडं वळला. वीस दिवस काकांचं पत्र नव्हतं.

तेवढ्यात लाईट गेली. यूपीएस कुईकुई करायला लागला. समोर स्टॉपवर सांगलीची एसटी लागलेली, जयराजच्या ओळखीचा कंडक्टर हात करतोय. मी सेव्ह केलं, फ्लॉपी काढली, पळत जाऊन त्याच्या हातात दिली. सांगलीला ऑफसेट प्रेसचा माणूस ती स्टँडवरून घेतो, नेहमीचंच.

कंट्रोल क्यू राहिलं.

चौदा तारखेला सकाळी पत्रिकांचे गठ्ठे एसटीनं आले. जयराज परस्पर स्टँडवरून घेऊन गावी गेला. माझ्याकडं फ्लॉपीचं पाकीट आलं, त्यात नमुन्याची एक पत्रिका. चहा पीत उघडली. रंग छान बसलेला. मग वधूपित्याच्या ओळीवर आलो.

'कै. सुभेदार भाऊसो निकम.'

कै. पण तीच वेलबुट्टी.

मी कॉम्प्युटर चालू केला, फाईल उघडली. माझ्या स्क्रीनवर 'श्री.'. हातात 'कै.'. पुन्हा स्क्रीन. पुन्हा हात. मग डोक्यात उजेड पडला. सांगलीत त्या फॉन्टची नवी आवृत्ती असणार, तिच्यात शब्दांच्या जागा हलवलेल्या. माझ्या 'श्री.'च्या बटणाचा जो नंबर, त्या नंबरवर तिथं 'कै.' बसलेला. यंत्राला काय, दोन्ही सारखेच. नुसता आकडा.

एम-एटी स्कूटरला किक मारली आणि जयराजच्या गावी निघालो. सगळा रस्ता एकच विचार, तार आली तर? आजच आली तर? मग लोक म्हणणार, आधी पत्रिकेत आलं होतं. आणि ते मी केलेलं असणार.

जयराज दारातच उभा होता. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि मला कळलं, यानं वाचलंय. मारेल असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"हळू बोल," तो म्हणाला. "आईला ठावं न्हाई. मी 'श्री' म्हणून वाचून दावलं."

"बाकीच्या?"

"गठ्ठे बांधलेलंच हायत. एकच सोडला. वरची तिनं देवापुढं ठेवलीय."

हरणाबाईकाकूंना वाचता येत नाही. पण नवऱ्याचं नाव त्या ओळखतात. वीस वर्षं पत्रांच्या पाठीवर बघून बघून त्या तीन शब्दांचा आकार पाठ झालेला. मी आत गेलो तर देव्हाऱ्यासमोर बसलेल्या. पत्रिकेच्या कोपऱ्याला हळदकुंकू लावलेलं. आणि बोट बरोबर तिथंच.

"मुकुल, आलास? ह्ये बघ, ह्येंच्या नावाम्होरं ह्ये बारकं काय रं? डोक्यावर दोन काड्या? जयराज म्हनतोय श्री. श्री आसा नसतोय. श्री देवाच्या पाटीवर बघितलाय मी."

खोटं बोलायची पण तयारी लागते.

"नक्षीचा आहे काकू, म्हणून तसा दिसतो. पण पत्रिका परत द्या. मुहूर्ताची वेळ चुकलीय छपाईत. सगळ्या नव्यानं करतो."

"येळ चुकली?" त्यांनी हात छातीला लावला. "आसंना का. मला वाटलं मानूस चुकलं."

पत्रिका त्यांनी दोन्ही हातांनी दिली. कुंकू माझ्या अंगठ्याला लागलं. ते न पुसताच मी आणि जयराज सगळे गठ्ठे घेऊन सांगलीला गेलो.

प्रेसमध्ये मशीनवर धुळा नावाचा कामगार होता. मी भांडायच्या तयारीनं गेलो होतो, खरं सांगतो, चूक कुणाच्या तरी गळ्यात घालायला.

"आमी वाचत न्हाई मालक," धुळा म्हणाला. "फायलीत जे निघंल ते छापतो. तुमी कंट्रोल क्यू मारून कर्व्ह का न्हाई केलं? तुमीच सांगत फिरता की."

त्यानं पत्रिका उलटून बघितली, सुभेदार वाचलं, जयराजकडं बघितलं.

"कुठं हायत?"

"कारगिल."

धुळानं चालू मशीन थांबवलं. कुठल्यातरी पुढाऱ्याचं पोस्टर होतं, अर्धं निघालेलं. "ह्ये ऱ्हाऊ दे," म्हणाला. मी त्यांच्या कॉम्प्युटरवर बसलो, साधा 'श्री.' घातला, सगळं निवडलं आणि कंट्रोल क्यू दाबलं. दाबून ठेवलं. बोट उचलावं म्हणून जयराजनं खांद्याला धरून हलवलं.

नव्या पत्रिका वाटून झाल्या. जुन्या पाचशे दुकानात पडल्या. त्यांचं काय करायचं, हे कळेना.

"जाळू," मी म्हणालो.

जयराजनं नुसतं बघितलं. मला माझीच लाज वाटली.

"मग कृष्णेत सोडू."

"मुक्या, तुला कळतंय का, तू काय बोलतोयस?"

पुरायचं तर तोंडातूनसुद्धा निघेना. रद्दीत घालावं तर भेळवाला त्यात भेळ बांधणार, गावभर जाणार. चार दिवस दोघंही त्या गठ्ठ्यांकडं पाठ करून बसलो.

काल दुपारी जयराज ब्लेड घेऊन आला. आम्ही शटर अर्धं ओढलं आणि एकेका पत्रिकेतून तेवढा शब्द कापायला लागलो. अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा. बाकी राहिलं ते नुसतं नाव. सुभेदार भाऊसो निकम. त्याला काही होत नाही. समोरच्या टीव्हीच्या दुकानात बातम्या लागल्या की दोघांचे हात थांबायचे. शहिदांची नावं सांगायचे त्यात. संपली की पुन्हा ब्लेड चालायचं.

शेवटची कुंकवाची. ती जयराजनं कापली. सगळे तुकडे मी फ्लॉपीच्या रिकाम्या डबीत भरले, झाकण लावलं. हलवली तर आवाजसुद्धा नाही.

"पत्र येऊन आज चौतीस दिस झालं," जयराज म्हणाला. "ह्याचं काय करायचं?"

"राहू दे माझ्याकडं."

"कवापर्यंत?"

मी डबी कॉम्प्युटरच्या मागं ठेवली, यूपीएसच्या खाली, जिथं माझाही हात सहज जात नाही.

"काका येतील तवर," मी म्हणालो. "येऊन स्वतःच्या हातानं फुंकून टाकतील. किती का दिवस लागेनात. तोवर मी ही उघडत नाही, आणि तुझ्या आण्णांच्या नावापुढं हा शब्द ह्या हातानं टाईप करत नाही. कुणीही येऊन सांगितलं तरी. तू येऊन सांगितलंस तरी."